बारा कोहळे

जयसिंगराव मोहित्यांना वेळेचं गणित चांगलं येत होतं, आणि हे कुचेष्टेनं म्हटलेलं नाही. राजाजीनगरातल्या दीडशे खाटांच्या ज्या हॉस्पिटलचे ते व्यवस्थापक होते, तिथं त्यांच्या आधी पेशंट सकाळी सातपासून बाकड्यावर बसायचे आणि डॉक्टर दहाला उगवायचे. जयसिंगरावांनी नंबराच्या चिठ्ठ्या सुरू केल्या, डॉक्टरांना वेळा बांधून दिल्या, न पाळणाऱ्यांशी गोड बोलून भांडले आणि दोन वर्षांत रांग अर्ध्यावर आणली. नर्सबायांच्या पाळ्यांचा तक्ता महिनाभर आधी भिंतीवर लागायचा. कुणाच्या मुलाचं बारसं, कुणाच्या नणंदेचं लग्न, सगळं त्यात बसायचं. दुसऱ्या हॉस्पिटलांतली माणसं तो तक्ता उतरवून घ्यायला येत.

एकदा एम. जी. रोडवरच्या एका हॉटेलात हॉस्पिटलं चालवणाऱ्यांचं शिबिर झालं. तिथं जयसिंगराव काम आणि घर यांचा तोल कसा राखावा यावर दीड तास बोलले. आठवड्याचे एकशे अडुसष्ट तास असतात, त्यातले घराचे आधी लिहून टाका, उरतील ते हॉस्पिटलला द्या, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या पडल्या. त्याच वेळी त्यांच्या लेकीच्या, भूमिकेच्या शाळेत पालकांची सभा होती आणि तिथं त्यांची बायको संयोगिता एकटी बसली होती. लोकासांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पाषाणाला आपण कोरडे आहोत हे ठाऊक नसतं, एवढंच त्याच्या बाजूनं म्हणता येईल.

मोहित्यांचं घर गविपुरात होतं. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणी पूर्वज फौजेबरोबर बेंगळुरात आला आणि इथलाच झाला. त्याच्या वंशजांत पुढं कुणी कारकून झाले, कुणी मास्तर, कुणी बसचे कंडक्टर. त्या फौजेचं म्हणून घरात काही उरलं असेल तर ती एक तलवार. खंडेनवमीला तिची पूजा व्हायची. त्या घरची रीत अशी की पूजा थोरल्या मुलानं करायची, नैवेद्य दाखवायचा, आणि अंगणात ठेवलेला कोहळा त्याच तलवारीनं एका घावात कापायचा. ते होईपर्यंत घरातल्या कुणी अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. धाकटा भाऊ रघुजी होता, घरापलीकडच्याच गल्लीत त्याचं लेथचं वर्कशॉप होतं. पण थोरला असताना धाकट्यानं तलवारीला हात लावायचा नाही. वडील विठोजी वारले त्याला नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून हे काम जयसिंगरावांचं.

घोडं पेंड खायचं ते एकाच ठिकाणी. बेंगळुरात त्याच दिवशी सगळीकडं आयुधपूजा असते. ऑटोरिक्षापासून कापडगिरणीपर्यंत जे जे म्हणून चालतं, फिरतं, कापतं, त्याला त्या दिवशी हळदकुंकू लागतं, आणि कोहळा फोडून दृष्ट काढतात. हॉस्पिटलमध्ये आधी फाटकाजवळ एकच पूजा व्हायची. सगळे तिथं जमायचे, प्रसाद घ्यायचे, कामाला लागायचे. अर्ध्या तासाचं काम. जयसिंगराव आले आणि त्यांना वाटलं, माणसांना आपल्या दारात बोलावण्यापेक्षा आपण माणसांच्या दारात जावं. मग एक्स-रेची पूजा एक्स-रेच्या खोलीत, बॉयलरची बॉयलरपाशी, जनरेटर वेगळा, लिफ्ट वेगळी, लाँड्री, स्वयंपाकघर, अँब्युलन्स, असं करत करत बारा पूजा झाल्या. बाराही ठिकाणी कोहळा जयसिंगरावांनी फोडायचा. एका ठिकाणी जाऊन दुसऱ्या ठिकाणी न जाणं म्हणजे दुसऱ्याचा अपमान. हे जाळं त्यांनी स्वतःच विणलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्यात अडकायला आवडायचं.

घरी मग पूजेला बारा वाजू लागले. पुढं एक. पुढं दोन.

शहाण्णव सालच्या खंडेनवमीला ते घरी पोचले तेव्हा अडीच वाजून गेले होते. त्यांची आई सोयराबाई, घरात सगळे तिला अव्वा म्हणत, पलंगावर डोळे मिटून पडली होती. कपाळ घामानं ओलं. संयोगिता तिला चमच्यानं साखरपाणी पाजत होती. अव्वाला मधुमेह होता. सकाळची गोळी तिनं नेमानं घेतली होती, आणि नेमानंच पोटात काही घातलं नव्हतं.

"मला फोन नाही करायचा?" जयसिंगराव म्हणाले.

"तीनदा केला," संयोगिता म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "तीनदा सांगितलं तिकडनं, साहेब पूजेत आहेत."

मधुमेहाच्या माणसानं गोळी घेऊन उपाशी राहू नये, अशी पाटी जयसिंगरावांनी स्वतः लिहून हॉस्पिटलच्या ओपीडीत लावली होती. तीन भाषांत. ती पाटी त्यांना त्या क्षणी अक्षर न् अक्षर आठवली आणि पुढं कितीतरी दिवस आठवत राहिली.

संध्याकाळी अव्वा उठून बसली तेव्हा ते तिच्या पायाशी बसले. तिनं रागावावं अशी त्यांची इच्छा होती. ती रागावली नाही.

"मला उपाशी ठिवायचं तुझ्या मनात नव्हतं, ठावं हाय मला," ती म्हणाली. "तुझ्या मनात कधीच काय नसतंय. पुढल्या वर्षी अकरा वाजता येशील?"

"येईन, अव्वा."

"अकरा म्हणजे अकरा रे. न्हाईतर मी माझी वाट काढीन. एकाहत्तर चालू हाय मला. आता माझ्याच्यानं व्हत न्हाई."

जयसिंगरावांनी तिचा हात हातात घेऊन शब्द दिला. नवीन वर्षाची डायरी आली तेव्हा सगळ्यात आधी त्यांनी खंडेनवमीचं पान काढलं आणि त्यावर लाल शाईनं लिहिलं: अकरा, घरी. घराचे तास आधी लिहावेत, हे आपलंच वाक्य त्यांनी वर्षभरात तेवढं एकदा पाळलं.

सत्त्याण्णवची खंडेनवमी उजाडली. सकाळी सहाला जयसिंगरावांनी स्कूटर बाहेर काढली तेव्हा भूमिका फाटकाशी झेंडूचं तोरण बांधत होती. पंधरा वर्षांची पोर, उंचीला आता आईच्या वर गेलेली. तिनं काही न बोलता दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली आणि मग एक.

"हो गं बाई, अकरा," जयसिंगराव हसून म्हणाले.

"मी काही म्हटलंच नाही, अप्पा," ती म्हणाली आणि तोरणाकडं वळली.

त्यांचं गणित पक्कं होतं. साडेसहाला पहिली पूजा. एकेका पूजेला वीस मिनिटं, बारा पूजांना चार तास, साडेदहाला मोकळं, अकराला गविपूर. सुट्टीच्या दिवशी रस्त्यात गर्दी नसते, तेही त्यांनी धरलं होतं. त्या गणितात पुरोहित मात्र धरला नव्हता. तो आधी एका बँकेची पूजा उरकून आला, पंचवीस मिनिटं उशिरा, आणि वर सगळ्यांदेखत जयसिंगरावांना म्हणाला, "स्वल्प लेट झालं, सार."

तरी त्यांनी वेळ भरून काढत आणली. एक्स-रेच्या मुलांनी मशीनला नवरीसारखं नटवलं होतं. तिथं पाच मिनिटं वाचवली. ऑपरेशन थिएटरमध्ये मंत्र कमी करायला लावले. पावणेनऊला अँब्युलन्सची पूजा चालू असतानाच महालक्ष्मी लेआउटमधून फोन आला, एका बाईच्या छातीत दुखत होतं. गाडीला दोन्ही बाजूंनी केळीचे खांब बांधलेले, काचेवर गंधाचे पट्टे, चाकांखाली लिंबं. ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, पूजा अर्धवट सोडून गाडी हलवली तर वर्षभर अपशकुन. जयसिंगरावांनी वाद घातला नाही. स्वतः कात्री घेऊन केळीचे खांब सोडवले, पुरोहिताला म्हणाले, "लिंबं चिरडली की पूजा पुरी, खरं की नाही?" आणि पुरोहिताला हो म्हणावंच लागलं. चार मिनिटांत गाडी फाटकाबाहेर. बाई वेळेत आली, वाचली. असा माणूस होता. म्हणून तर त्याच्यावर रागावताही येत नाही.

दहा वीसला नऊ पूजा झाल्या होत्या. लाँड्री, बॉयलर आणि स्वयंपाकघर राहिलं होतं. जयसिंगरावांचा मदतनीस चंद्रकांत त्यांच्यामागून चालत होता. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला, कामाला चोख.

"सर, तुम्ही निघा आता," तो म्हणाला. "तीनच राहिल्यात. मी मॅनेज करतो. कोहळाच फोडायचाय ना?"

जयसिंगराव थांबले. जिन्याशेजारी त्यांनीच लावलेला कामाचा तक्ता होता. हॉस्पिटलातल्या प्रत्येक कामापुढं दोन नावं, पहिला माणूस नसला तर दुसरा, म्हणजे कुणावाचून काही अडू नये. ही त्यांची सगळ्यात गाजलेली युक्ती. बॉयलरपासून मुख्य नर्सपर्यंत दोन-दोन नावं होती. व्यवस्थापक या शब्दापुढं मात्र एकच. चंद्रकांतनं एकदा भीत भीत विचारलं होतं, तेव्हा जयसिंगराव म्हणाले होते, लिहू, लिहू, घाई काय आहे.

"हो, निघतोच," ते म्हणाले. तेवढ्यात लाँड्रीतली थोरली बाई जिन्याखाली येऊन उभी राहिली. नवी साडी, केसांत हातभर मोगरा. तिनं चंद्रकांतकडं एकदा बघितलं आणि जयसिंगरावांना म्हणाली, "सार, तुम्हीच यायला पाहिजे. वर्षभर आम्ही रक्ताच्या चादरी धुतो. आमच्याकडं असिस्टंट पाठवू नका."

त्या वाक्यानं जयसिंगरावांना बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं, अडचण वाटायला हवी होती, पण बरं वाटलं. इथं आपल्यावाचून अडतं, हे ऐकायला माणसाला किती गोड लागतं, हे त्यांना पुढं पुष्कळदा आठवायचं आणि तोंड कडू व्हायचं. घरीही त्यांच्यावाचून अडत होतं. पण घरचं अडणं कुणी मोगरा माळून सांगायला येत नव्हतं. ते उपाशी पोटी, मुकाट्यानं अडायचं.

त्यांनी केबिनमधून घरी फोन लावला. संयोगितेनं उचलला.

"अर्ध्या तासात निघतो."

"बरं," ती म्हणाली.

"अव्वा ठीक आहे ना?"

"ठीक आहेत."

"अकराचे साडेअकरा होतील फार तर."

"बरं," ती पुन्हा म्हणाली. भांडली असती तर ते कदाचित तसेच निघाले असते. पण भांडायला माणसाला आशा असावी लागते, आणि संयोगितेची ती कधीची सरली होती.

अकरा पंचवीसला बारावा कोहळा फुटला. स्वयंपाकघराच्या दारात, कुंकवाच्या पाण्यानं लाल झालेल्या फरशीवर जयसिंगराव उभे होते आणि त्यांच्या खिशात स्कूटरची किल्ली होती. पंचवीस मिनिटांत घर. बारा वाजायच्या आत. उशीर झाला असता, पण पूजा त्यांच्या हातची झाली असती. हा हिशेब त्यांनी नंतर इतक्या वेळा केला की त्याची धार बोथट व्हायला हवी होती. ती झाली नाही.

टेलिफोनवरची मुलगी धावत आली. ट्रस्टचे अध्यक्ष डॉ. त्रिविक्रम लाइनवर होते.

"प्रसादाला येतोय मी," डॉक्टर म्हणाले. "अर्ध्या तासात पोचतो. तुम्ही आहात ना?"

आता या प्रश्नाला सरळ उत्तर होतं. नाही, सर, माझ्या घरी पूजा आहे, आई थांबली आहे, चंद्रकांत आहे इथं. डॉ. त्रिविक्रम काही राक्षस नव्हते. ते म्हणाले असते, जा जा, लवकर जा. जयसिंगरावांच्या ओठांवर ते वाक्य आलं होतं. भाषणात त्यांनी दुसऱ्यांना हेच शिकवलं होतं: नाही म्हणायला दोन सेकंद लागतात आणि हो निस्तरायला दोन तास.

"आहे, सर," ते म्हणाले.

डॉक्टर बाराला पाच मिनिटं कमी असताना आले नाहीत, बारालाही आले नाहीत. जयसिंगराव फाटकापाशी उभे. आत जायचे, घड्याळ बघायचे, बाहेर यायचे. सव्वाबाराला त्यांनी घरी फोन लावायला रिसीव्हर उचलला आणि परत ठेवला. काय सांगणार होते? पाऊण वाजता गाडी आली. डॉक्टरांनी प्रसादाचे चुरमुरे तोंडात टाकले, बॉयलरच्या माणसाशी दोन शब्द बोलले, आणि मग जयसिंगरावांकडं लक्ष गेल्यासारखं करून म्हणाले, "अरे, तुम्ही अजून इथं कसे? सुट्टी ना आज? तुमच्या लोकांत तर आज मोठी पूजा असते."

"असते, सर. निघतोच आहे."

"निघा, निघा. घर आधी." डॉक्टर गाडीत बसले, मग काच खाली करून म्हणाले, "संध्याकाळी चारला जमेल का जरा? नव्या इमारतीचे नकाशे आलेत, एकदा नजर टाकू."

"जमेल, सर," जयसिंगराव म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांना बोलून गेल्यावर कळलं.

ते गविपुरात पोचले तेव्हा दीड वाजला होता. रस्त्यावर सगळीकडं फुटलेल्या कोहळ्यांच्या फोडी आणि कुंकवाचे डाग, आणि त्यातून स्कूटर काढताना त्यांना एकच चित्र दिसत होतं. अव्वा पलंगावर पडलेली असेल. डोळे मिटलेले असतील. या वेळी साखरपाण्यानं भागलं नसेल. त्यांनी फाटक उघडलं.

अंगणात कोहळा पडला होता, मधोमध कापलेला. एकाच घावात.

आत कुणीतरी हसत होतं. जयसिंगराव दारापर्यंत आले. रघुजी लोडाला टेकून पान चघळत होता. भूमिका त्याला शाळेतलं काहीतरी सांगत होती. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. आणि अव्वा खुर्चीत बसली होती, नीट, ताठ, स्वच्छ इरकली साडीत, चेहऱ्यावर जेवून उठलेल्या माणसाची टवटवी. घर जेवलं होतं. सणाच्या दिवशी वेळेवर जेवलेलं आपलं घर जयसिंगरावांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि ते इतकं छान दिसतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"आला का?" अव्वा म्हणाली. "थांब. तितंच थांब, उंबऱ्याच्या भायेर."

ते थांबले. तिथूनच त्यांना देवघरापुढचा चौरंग दिसला. त्यावर तलवार, तिच्या पात्यावर गंधाची बोटं, झेंडूची माळ. तलवारीसमोर पाट होता, पूजेला बसणाऱ्याचा. त्या पाटावर एक जरीचा फेटा ठेवलेला होता. फेट्यालाही कुंकू लावलं होतं, अक्षता टाकल्या होत्या. फेटा त्यांच्या ओळखीचा होता. अठरा वर्षांपूर्वी लग्नात त्यांनीच तो घातला होता.

"हे काय, अव्वा?" ते म्हणाले.

रघुजी पटकन उठून बसला. "अण्णा, पूजेला मी बसलो न्हाई. नुसता बाजूला बसून हात लावला. नाव तुझंच घेतलं, कोहळाही तुझ्याच नावानं कापला. अव्वानं सांगितलं तसं केलं."

"मीच सांगितलं," अव्वा म्हणाली. "माझं लगीन झालं नि दोन महिन्यांत तुझे अप्पा लढाईला गेले. ब्रह्मदेशात. तीन वर्षं. तवा माझी सासू खंडेनवमीला त्यांचा फेटा पाटावर ठिवायची, नि धाकटा दीर हात लावायचा. घरचा थोरला मोहिमेवर असला की असंच करत्यात आपल्यात. पूजा त्याचीच होते. कुणी उपाशी राहात न्हाई, नि थोरल्याचा मानही जात न्हाई."

"मोहिमेवर?" जयसिंगराव हसायला गेले आणि जमलं नाही. "अव्वा, मी राजाजीनगरात होतो. इथून सहा-सात किलोमीटर."

"व्हय की," अव्वा म्हणाली. "तुझे अप्पा ब्रह्मदेशातनं पत्र तरी लिवायचे."

ती हे टोचून बोलली नव्हती. आठवलं तसं बोलली होती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. संयोगिता पदराला हात पुसत बाहेर आली होती. तिनं त्यांच्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग शोधायला गेले तर तिथं त्यांना एक प्रकारची सुटका दिसली. कितीतरी वर्षं ती या दिवशी घड्याळ, गॅस आणि सासूचा चेहरा यांच्यामध्ये पळत आली होती. या वर्षी कुणी पळालं नव्हतं.

"अव्वा, तो फेटा उचल," जयसिंगराव म्हणाले. "मी आंघोळ करतो, मी पुन्हा करतो पूजा."

"झालेली पूजा पुन्यांदा करत्यात का? नि फेटा असा सुम्मने, उगाच उचलता येत न्हाई." अव्वा खुर्चीचे हात धरून उठली. आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ताटली होती. त्यात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. ती उंबऱ्याच्या आतल्या बाजूला येऊन उभी राहिली. ते बाहेरच्या बाजूला. तिचं डोकं त्यांच्या छातीपर्यंत येत होतं.

"तुझे अप्पा परत आले तवा सासूनं त्यांना असंच उंबऱ्यात थांबवलं," ती म्हणाली. "भाकरतुकडा ववाळून टाकला, पायावर पानी घातलं, मग फेटा पाटावरनं उचलला नि त्यांच्या डोक्यावर ठिवला. त्यापुढं कधी पाटावर ठिवला न्हाई. तेच बसायचे. आम्ही थांबायचो. एक वर्ष ताप होता, तरी बसले."

जयसिंगरावांच्या नखांत बारा कोहळ्यांचं कुंकू होतं.

"आता मी ववाळला, तर पुढल्या वर्षी पाटावर फेटा नसल. तू बसायचं. तू येस्तोवर मी गोळी घेऊन उपाशी थांबायचं. मी थांबीन, मला त्याचं काय न्हाई. न्हाई ववाळला, तर तू मोहिमेवरच, नि दर वर्षी फेटाच पाटावर. पण मला खरं सांग, जयसिंगा. रागावणार न्हाई मी." तिनं मान वर करून त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "तू परत आलास, की जेवायला आलास?"

भूमिका बापाकडं बघत होती. हो म्हण, असं तिच्या चेहऱ्यावर लख्ख लिहिलेलं होतं. हो म्हणणं किती सोपं होतं. गेली नऊ वर्षं ते या घरात प्रत्येक गोष्टीला हो म्हणत आले होते. जयसिंगरावांनी तोंड उघडलं, आणि त्यांना चार वाजताचे नकाशे आठवले. नवी इमारत म्हणजे नवी मशिनं. पुढल्या वर्षी बाराच्या पंधरा पूजा. लाँड्रीतली बाई जिन्याखाली येऊन उभी राहणार होती. फोन वाजणार होता, आणि तो वाजल्यावर आपल्या तोंडून काय निघणार, हे त्यांना आपल्या नावाइतकं ठाऊक होतं. समोर एकाहत्तर वर्षांची बाई हातात ताटली धरून उभी होती. तिला पुन्हा एकदा शब्द देऊन उपाशी मारण्याइतके ते वाईट नव्हते. आणि शब्द देऊन तो पाळण्याइतके चांगलेही उरले नव्हते.

"जेवायला, अव्वा," ते म्हणाले.

अव्वानं मान हलवली. तिच्या हातातली ताटली जराशी कलली, तिनं ती सावरली.

"सरी, बरं," ती म्हणाली. "हात-पाय धू. पोळ्या गरम हायत अजून."

तिनं भाकरीचा तुकडा परत आत नेऊन ठेवला. रघुजी उठून परसात गेला, भूमिका त्याच्या मागोमाग, बापाकडं न बघता. संयोगितेनं पाट मांडला, ताट वाढलं. पुरणपोळी, कटाची आमटी, कोशिंबीर, सगळं जिथल्या तिथं. जयसिंगराव एकटेच जेवायला बसले. समोर दुसऱ्या पाटावर त्यांचाच फेटा होता, कुंकू लावलेला, नीटनेटका, घरच्यांनी वेळेवर पूजा केलेला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलं नाही. संयोगितेनं न विचारता तुपाची धार धरली. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि खाल्ला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. भूक खरोखरच लागली होती, आणि याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.